मुलानं घातलेला घोळ आई-बापानं किती निस्तरायचा?

अबोली (शुक्रवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. विषय घरगुती आहे, पण घरात तीन माणसांची तीन मतं झाली आहेत, म्हणून इथे टाकतेय.

आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या टी-शर्टचं काम यंदा मुलांकडे दिलं होतं. माझा मुलगा अकरावीत आहे, सोळा पूर्ण. त्यानं आपणहून हात वर केला. ४६ टी-शर्ट, प्रत्येकी २६० रुपये. पैसे माझ्या यूपीआयवर आले, हिशेब त्यानं वहीत लिहिला. इथपर्यंत सगळं झकास. ग्रुपवर साइजची यादी फिरली तेव्हा मोठ्यांनी एल, एक्सएल लिहिलं आणि लहान पोरांच्या आयांनी नुसतंच 'वय ८', 'वय १०' लिहून मोकळ्या झाल्या. ह्यानं ती १८ च्या १८ पोरं 'एस'मध्ये टाकली. छपाईवाल्यानं मेसेज केला होता, "दादा, लहान मुलांचे नंबर वेगळे असतात, २८-३०-३२, कोणाचा कुठला ते कळवा." त्यावर आमच्या चिरंजिवांनी अंगठा पाठवला. उत्तर नाही, नुसता अंगठा.

गुरुवारी माल आला. दुसरीतल्या पोराच्या गुडघ्याखाली शर्ट. ग्रुपवर एका काकांनी लगेच "तरी मी म्हणत होतो" सुरू केलं, दोन जणींनी पैसे परत मागितले. छपाईवाला म्हणतो छापलेला माल परत घेत नाही, आणि त्याचं काही चुकलंय असं मला वाटत नाही.

१८ गुणिले २६०, म्हणजे ४,६८० रुपये. नवरा म्हणतो, मी भरतो, विषय संपव, अकरावीचं वर्ष आहे. सासूबाई म्हणतात, एवढंसं पोर, कशाला मागे लागता. मला वाटतं हे त्यानंच सोडवावं. पण तो कालपासून खाली उतरलेला नाही, ताटसुद्धा खोलीत मागवलं. तुम्ही काय केलं असतं?

पेठेतला_पाहुणा (शुक्रवार, रात्री १०:५२)

रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

बाणेरकर (शुक्रवार, रात्री ११:०५)

मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूनं. भरून टाका. 'चुकांतून शिकतात' हे आपण फार सहज बोलतो. आमच्या वडिलांनी मला सगळं स्वतःचं स्वतः निस्तरायला लावलं. त्यातून मी काय शिकलो, तर घरी काही सांगायचं नाही. चूक झाली की माणूस आपोआप शहाणा होत नाही, शेजारी बसून शांतपणे सांगणारं कोणीतरी लागतं. ४,६८० रुपयांसाठी पोराला सोसायटीसमोर उभं करायचं? नको.

आणि जबाबदारी शिकायची तर इतर मार्ग आहेत. माझा मुलगा पण अकरावीतच आहे. त्याला मी जूनपासून स्कूटर दिली आहे, क्लासला एकटा जातो-येतो. आपोआप शिकतोय.

गणितमास्तर (शुक्रवार, रात्री ११:२०)

बाई, आधी आकडा तपासा. नुकसान ४,६८० चं नाहीच.

'एस' म्हणजे साधारण ३६ ची छाती. १८ मुलांत बारा-तेरा वर्षांची किती आहेत? त्यांना तो शर्ट थोडा सैल पण चालेल. मोठ्या मुलींपैकी कोणाला 'एम'ऐवजी 'एस' हवा असेल तर अदलाबदल होईल. उरतील ते खरे अडलेले. शिवाय स्क्रीन प्रिंटिंगमध्ये खर्चाचा एक भाग स्क्रीन, म्हणजे डिझाइनची जाळी, बनवण्यात जातो. ती अजून धुतली नसेल तर पुन्हा थोडे शर्ट छापणं बरंच स्वस्त पडतं. एकदा इमल्शन (जाळीवरचा डिझाइनचा थर) काढून टाकलं की पहिल्यापासून सगळं करावं लागतं. तेव्हा सोमवारची वाट बघू नका, उद्या सकाळीच विचारायला हवं. आणि विचारायला मुलानं जायला हवं, कारण कुणाला काय बसतं हे फक्त त्याच्या वहीत आहे.

शिक्षा आणि माफी हे दोन्ही शब्द बाजूला ठेवून त्याच्यासमोर हे गणित म्हणून मांडा. मुलं खोलीत बसतात तेव्हा पुष्कळदा पुढची पायरी कुठली तेच त्यांना सुचत नसतं.

अबोली (शुक्रवार, रात्री ११:३१)

मास्तर, स्क्रीनचं मला माहीतच नव्हतं. सकाळी सांगते त्याला. म्हणजे, सांगू की त्यालाच सुचू देऊ? :(

गणितमास्तर (शुक्रवार, रात्री ११:३४)

सांगा हो. तो काय न्यूटन आहे?

कॉट_बेसिस (शनिवार, सकाळी ७:१५)

मी सदाशिव पेठेत मुलांना खोल्या देते. बहुतेक सगळी स्पर्धा परीक्षावाली, थोडी कॉलेजची. माझ्याकडे दोन प्रकारची पोरं येतात. लातूर, नांदेड, बीडकडून एसटीनं ट्रंक घेऊन येणारी. पहिल्या आठवड्यात यांना मेस फसवते, दुसऱ्या आठवड्यात तीच पोरं चार मेस फिरून आमटीची चव घेऊन महिना ठरवतात. आणि दुसरी, ज्यांचं सामान लावायला आई, बाबा, मामा असे तिघं येतात. त्यातल्या एका आईनं मला रोज सकाळी सहाला फोन करून "त्याला उठवाल का" म्हणून सांगितलं होतं. मुलगा बावीसचा! मी म्हटलं, ताई, खोलीच्या भाड्यात गजर धरलेला नाही.

या मुलाचं एकदा गॅसचं बटण चालू राहिलं. सुदैवानं शेजारच्या पोराला वास आला. मी ओरडले तर म्हणतो, "घरी आई बघते." त्याचा राग नाही आला मला, धस्स झालं. बावीस वर्षांत एकदाही दूध उतू जाऊ दिलं नव्हतं त्याला कोणी.

अबोलीताई, टी-शर्टना दूध समजा आणि उतू जाऊ द्या. ओटा मात्र त्यानंच पुसायचा.

कायद्याचं_बोला (शनिवार, सकाळी ९:४०)

टी-शर्टवर चर्चा चालू द्या. मला बाणेरकरांच्या स्कूटरवर बोलायचं आहे, कारण सगळे त्यावरून सुसाट पुढे गेलेत.

साहेब, वयाच्या सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी, आणि तोही पालकांच्या संमतीनं. तुमची स्कूटर ११० किंवा १२५ सीसीची असणार. तिला १८ पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर, आणि तुम्ही तर इथे लेखी लिहून ठेवलंय. वर अपघातात समोरच्याला दिलेली भरपाई विमा कंपनी मालकाकडून वसूल करू शकते.

मला गंमत वाटते ती याची. जिथे चूक पाच हजारांत भागते तिथे आपण धावत जाऊन पाकीट काढतो. आणि जिथे चूक कोणाच्या तरी जिवावर जाईल तिथे किल्ली देतो, वर कौतुक करतो. कोथरूड, बाणेर, औंध, कुठल्याही क्लासबाहेर सायंकाळी सातला उभे राहा आणि किती पोरं हेल्मेटशिवाय ट्रिपल सीट निघतात ते बघा. हीच पोरं घरी स्वतःचा चहा करत नसतात.

पुण्यात राहून कल्याणीनगर विसरता येत नाही. मे २०२४. सतरा वर्षांचा मुलगा, आलिशान गाडी, दोन तरुण अभियंते गेले. जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध होता तेव्हा देशभर संताप झाला. पण मला त्याहून जास्त हादरवलं ते पुढच्या आरोपांनी: रक्ताचे नमुने बदलल्याचे, आणि त्यात आईवडिलांना झालेली अटक. खटला न्यायालयात आहे, निकाल द्यायला मी कोणी नाही. पण पोराला 'वाचवणं' कुठपर्यंत जाऊ शकतं याची कल्पना आली.

बाणेरकर (शनिवार, सकाळी १०:०२)

अहो, गल्लीतून जातो तो, हायवेवर नाही. आणि एकदम कल्याणीनगरशी तुलना? जरा जास्त होतंय.

कायद्याचं_बोला (शनिवार, सकाळी १०:०६)

तुलना तुमची केलेली नाही. पण कलम गल्लीला पण लागू आहे.

मुळामुठा (शनिवार, सकाळी ११:१८)

मी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते, तेवढ्यापुरतं लिहिते.

वरच्या दोन्ही गोष्टी एकाच वयात का दिसतात त्याला कारण आहे. सोळाव्या वर्षी मूल निवांत बसलेलं असताना विचार जवळजवळ मोठ्यांसारखा करू शकतं. हिशेब, नियोजन, बऱ्या-वाईटाचा अंदाज, सगळं जमतं. बिघडतं ते मित्र समोर असले, किंवा राग, भीती, उत्साह चढलेला असला की. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की पुढे दामटायचं. एकटे खेळताना किशोर आणि मोठी माणसं फार वेगळी वागली नाहीत. मित्र शेजारी बसवले की किशोर जास्त धोका पत्करू लागले, मोठ्यांवर फारसा फरक पडला नाही.

म्हणून स्कूटर ही या वयाला सर्वांत वाईट शाळा आहे. वेग, मित्र मागे बसलेला, निर्णयाला दोन सेकंद. आणि टी-शर्टची ऑर्डर ही फार चांगली शाळा आहे. वेळ आहे, वही आहे, चूक दुरुस्त होऊ शकते.

अबोली, एक काळजी मात्र घ्या. ताट खोलीत मागवणं एक-दोन दिवस ठीक आहे. झोप, जेवण, बोलणं असंच बंद राहिलं किंवा "माझ्याच्यानं काही होत नाही" असं वारंवार यायला लागलं तर वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतूनही बोलता येतं. आणि त्याला एकट्याला खाली पाठवू नका. तुम्ही सोबत जा, बोलायचं मात्र त्यानं. तुमचं तोंड बंद राहील याची खात्री असेल तरच जा. :)

टिपरू (शनिवार, दुपारी १:३०)

+१ मुळामुठा.

मी ढोल-ताशा पथकात नवीन पोरांना शिकवतो. नदीपात्रात सराव असतो. आमच्याकडे पहिल्या दिवशी कोणी ढोल वाजवत नाही, ढोल बांधायला शिकतं. दोरी सगळीकडून सारखी ओढायची असते. गेल्या वर्षी नववीतल्या एका मुलीनं एक बाजू जास्त ओढली. कडं तिरकं बसलं, आणि टिपरू मारलं तर ढोल फुटक्या मडक्यासारखा बोलला. सगळे हसले. मी तिला म्हटलं, सोड दोरी, पहिल्यापासून ओढ. तिची आई कठड्यापाशी उभी होती, पळत आली. "दादा, हात सोलवटतील तिचे, तुम्हीच ओढून द्या ना." मुलीनं आईकडे असं बघितलं की मला काही बोलावं लागलं नाही. तास लागला तिला. हात सोलवटले, चिकटपट्टी लावून दुसऱ्या दिवशी हजर. यंदा नवीन पोरांना ढोल बांधायला तीच शिकवते, आणि माझ्यापेक्षा कडक आहे.

पण हेही सांगतो. गर्दीत मिरवणुकीची दोरी धरायला आम्ही नवीन पोरांना पुढे ठेवत नाही. अठरा पूर्ण, आधी एक वर्ष मागे काढलेलं असेल तरच. तिथे चेंगराचेंगरीची भीती असते, तिथे 'शिकेल चुकून' चालत नाही.

तिरपी_रेघ (शनिवार, दुपारी ३:४५)

मी १९ वर्षांची आहे, या धाग्यावर बहुधा सगळ्यांत लहान. एक विचारू? हा सगळा धागा मुलाबद्दल आहे म्हणून इतका मजेत चाललाय.

माझ्या भावानं बारावीत मित्रांसोबत राजगडला जाताना बस चुकवली, रात्र गुंजवण्यात एका घरी काढली. घरात ती गोष्ट अजून हसत सांगतात. मी अकरावीत असताना सिंहगडावरून उतरायला उशीर झाला, पायथ्याला बसची वाट बघत होते, सोबत तीन मैत्रिणी. साडेसात वाजले होते. त्यानंतर वर्षभर माझ्या फोनवर लोकेशन चालू ठेवायची सक्ती आणि ट्रेक बंद. चूक एकच, उशीर. त्याला त्याचा किस्सा झाला, मला शिक्षा.

आई-बाबांची भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण 'चुकू द्या' म्हणणाऱ्यांनी मुलीचं नाव घालून आपलाच प्रतिसाद पुन्हा वाचून बघावा.

अतकरवाडी (शनिवार, दुपारी ४:१०)

तिरपी_रेघ, पटलं. मी दर रविवारी सिंहगडला जाणारा माणूस. मुलींचे आई-बाप गाडी घेऊन पायथ्याशी उभे असतात, मुलांचे फोनसुद्धा करत नाहीत. माझ्या लेकीला मी आता वेळापत्रक तिचं तिला काढायला लावतो. परतीची बस कुठली, ती चुकली तर पुढची किती वाजता, ती नाही आली तर कोणाला फोन. ही तिन्ही उत्तरं कागदावर असतील तर जा. उशीर झाला तर भांडण घरी आल्यावर, फोनवर नाही. कारण फोनवर भांडलो तर पुढच्या वेळी ती फोनच करणार नाही.

घाम_गाळा (शनिवार, सायंकाळी ५:५५)

थोडं कडू लिहितो. हा प्रश्नच परवडणाऱ्यांचा आहे. मी आयटीआय करताना मार्केट यार्डात गाळ्यावर हिशेब लिहायचो, वय सतरा. एकदा पावती चुकली, ६०० रुपये पगारातून गेले. शिकलो का? हो. पण त्या महिन्यात घरी आईनं उसने आणले. चूक करून शिकायची चैन सगळ्या पोरांना सारखी मिळत नाही. अबोलीताईंवर रोख नाही, एवढंच म्हणतो की पैसे बापानं भरायचे की पोरानं, हा वाद घालता येणं हे पण नशीबच.

गणितमास्तर (शनिवार, सायंकाळी ६:२०)

याला उत्तर नाही माझ्याकडे. प्रतिसाद आवडला.

अबोली (शनिवार, रात्री ९:५०)

अपडेट. बसा नीट.

सकाळी मी त्याला स्क्रीनचं सांगितलं. दहा मिनिटांत आंघोळ करून तयार. छपाईवाल्याकडे एकटा गेला, मी गाडीतच बसले (मुळामुठा, तोंड बंद ठेवायचा तोच खात्रीचा उपाय होता). परत आला तो लालबुंद. मला वाटलं, तो माणूस ओरडला असेल. तर कळलं असं, की शुक्रवारी रात्री आमच्या ह्यांनी गुपचूप छपाईवाल्याला फोन करून "नवीन १८ छापा, पैसे मी देतो, मुलाला सांगू नका" असं ठरवलं होतं. छपाईवाल्यानं सहज सांगून टाकलं, "दादा, बाबांनी केलंय सगळं."

घरी जे झालं ते इथे लिहीत नाही. मुलाचं एकच वाक्य: "मला विचारलं पण नाही." ह्यांचं म्हणणं, मदतच केली ना. खरं सांगू, मला दोघांचंही वाईट वाटलं. ह्यांनी रात्री झोप न लागून तो फोन केला होता.

शेवटी मुलानं परत फोन करून ती ऑर्डर थांबवली. स्क्रीन शाबूत आहे. लहान नंबरचा शर्ट छापून १७० ला पडेल म्हणाला. वहीतून निघालं की १८ पैकी ५ जणांना 'एस' होतोय. म्हणजे १३ नवे, २,२१० रुपये. उरलेले १३ 'एस' विकायचे प्रयत्न सुरू आहेत, ४ गेले, २०० ला एक. आता प्रत्येक पोराची छाती टेप घेऊन मोजत जिने चढतोय. 'वय ८' लिहिणाऱ्या आयांना सांगतोय, "काकू, वय नको, इंच."

बाणेरकर (शनिवार, रात्री १०:१५)

तुमच्या मिस्टरांच्या जागी मीही तोच फोन केला असता. अजूनही त्यात फार गैर वाटत नाही. पण "मला विचारलं पण नाही" हे लागलं.

डोळस_बचत (शनिवार, रात्री १०:४०)

अवांतर, पण उपयोगाचं. पुढच्या वर्षी पैसे आईच्या यूपीआयवर घेऊ नका. पैसे तुमच्या खात्यात म्हणजे अंतिम जबाबदारीही तुमचीच वाटते, त्यालाही आणि सोसायटीलाही. दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः उघडून चालवू द्यायची मुभा रिझर्व्ह बँकेनं एप्रिल २०२५ च्या परिपत्रकात दिली आहे, मर्यादा बँक ठरवते. शाखेत विचारा. दुसरा मार्ग यूपीआय सर्कल: खातं तुमचं, खर्च तो करतो, महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० ची कमाल मर्यादा, तुम्ही त्याहून कमी ठेवू शकता.

आणि घरात एक नियम आधीच सांगून ठेवा: पैशात कोणी फसवलं तर लाज न बाळगता त्याच क्षणी सांगायचं आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठलं तर वाचायची शक्यता असते. पोरं ओरडा बसेल म्हणून दोन दिवस गप्प राहतात आणि तोवर सगळं गेलेलं असतं.

कॉट_बेसिस (रविवार, सकाळी ७:०५)

अबोलीताई, मुलाला विचारा उरलेले 'एस' कितीला देतो. माझ्याकडच्या दोन पोरांना बसतील. १५० च्या वर एक पैसा देणार नाही म्हणावं.

अबोली (रविवार, सकाळी ९:३०)

विचारलं. १८० म्हणतोय.

बाणेरकर (बुधवार, रात्री ११:००)

स्कूटरची किल्ली रविवारी काढून घेतली. घरात दोन दिवस अबोला. मग प्रश्न आला, क्लासला जायचं कसं. मी म्हटलं शहर बसचं 'आपली पीएमपीएमएल' ॲप आहे, बघ तुझं तू. आज पहिला दिवस. परतीला चुकीच्या बसमध्ये बसला, थेट मनपाला उतरला. तिथून फोन, "बाबा, घ्यायला या." मी चपला घातल्या होत्या, खरं सांगतो. बायकोनं दारात अडवलं. मी विचारलं, ॲप काय म्हणतंय? तर म्हणाला बॅटरी ९ टक्के. म्हटलं मग स्टॉपवरच्या कंडक्टरला विचार, त्याची बॅटरी संपत नाही.

पावणेदहाला आला. भुकेनं कासावीस, पीएमटीला शिव्या घालत. तीन पोळ्या जास्त खाल्ल्या आणि मलाच सांगतोय की बाणेरची बस कुठल्या बाजूला थांबते.